सर्व्हर उठला, सेवा झोपलेलीच!

परवा आतेभावाचा फोन आला. "दादा, तुझ्या त्या जुन्या सर्व्हरसारखंच झालंय बघ. हाताने चालू केलं की चालतं, रीस्टार्ट केला की बंद." हसू आलं, आणि हिवरा आश्रमचे ते दिवस आठवले.

२००६ च्या आसपासची गोष्ट. गावातल्या एका ऑफिसात मी संध्याकाळी मदतीला जायचो. रेड हॅट लिनक्सचा एक सर्व्हर, त्यावर मायएसक्यूएल, त्यात पोरांच्या फीच्या सगळ्या नोंदी. आणि आमच्याकडचं ते लोडशेडिंग! शहरातला सर्व्हर महिनोन् महिने बंद होत नसेल, आमचा दिवसातून दोनदा व्हायचा. लाईट आली की मशीन उठायचं, डेटाबेस मात्र नाही. मग तिथले ऑपरेटर काका 'सर्व्हिस मायएसक्यूएलडी स्टार्ट' एवढं टाईप करायचे आणि गाडी सुरू. एकदा काका रजेवर गेले, दिवसभर रांग खोळंबली. ठपका काकांवरच, "यांनीच काहीतरी करून ठेवलंय." नोकरी कंत्राटी, बोलणार काय?

मी दोन रात्री त्या फायली वाचल्या. लिनक्समध्ये कर्नल सर्वांत आधी एकच प्रोग्राम उठवतो, इनिट. तो बाकीच्यांना जागं करतो. १९८३ च्या सिस्टम फाइव्ह युनिक्सच्या वळणाची ही पद्धत, एकामागून एक, नंबराप्रमाणे. आमच्या मशीनवर नेटवर्कचा नंबर १०, मायएसक्यूएलचा ६४, वेब सर्व्हरचा ८५. पण मायएसक्यूएलच्या स्क्रिप्टमध्ये या नंबराच्या आधी एक आडवी रेघ होती. तिचा अर्थ, कुणी मुद्दाम सांगितल्याशिवाय ही सेवा बूटला उठवू नका. 'स्टार्ट' म्हणजे आत्ता चालू कर. उद्यासाठी 'चेककॉन्फिग मायएसक्यूएलडी ऑन' म्हणावं लागतं, आणि ते सिस्टीम बसवणाऱ्याने म्हटलंच नव्हतं. काकांचा काडीचा संबंध नव्हता. (माफी कुणी मागितली नाही. असो.)

भावाच्या मशीनवर मात्र सेवा एनेबल केलेली होती, तरी पडत होती. मधल्या काळात जमाना बदलला ना. २००६ मध्ये उबुंटूने अपस्टार्ट आणलं. २०१० मध्ये लेनार्ट पोएटरिंगने सिस्टमडी मांडलं, पुढच्याच वर्षी ते फेडोरात आलं. डेबियनमध्ये २०१४ साली त्यावरून एवढं भांडण झालं की काही जणांनी देवुआन नावाची वेगळी चूल मांडली. सिस्टमडी नंबराने चालत नाही. कुणाला कुणाची गरज आहे ते सांगा, बाकीचे सगळे एकदम उठतात.

आपल्याकडे विवेकानंद जयंतीच्या महाप्रसादाला पुरी-भाजी ट्रॅक्टरवरून वाढतात ते आठवा. पुऱ्या, भाजी, पाणी, सगळी कामं एकाच वेळी चालू असतात. पण पंगत बसायच्या आधी ट्रॅक्टर निघाला तर वाढणार कुणाला?

भावाचं तेच झालं होतं. लॉगमध्ये ओळ होती की मागितलेला पत्ता मिळत नाही. त्याची सेवा एका ठरावीक आयपीवर बसणारी, आणि तो आयपी अजून आलाच नव्हता. फाईलमध्ये 'आफ्टर' पुढे नेटवर्क टार्गेट लिहिलेलं. त्याचा अर्थ नेटवर्क सांभाळणारा प्रोग्राम सुरू झाला, एवढाच. पत्ता मिळाला असा नाही. तिथे नेटवर्क-ऑनलाइन टार्गेट हवं, आणि तेही 'वॉन्ट्स' आणि 'आफ्टर' दोन्हींत. नुसतं 'आफ्टर' क्रम ठरवतं, बोलावणं पाठवत नाही.

रात्री मेसेज आला, तीनदा रीस्टार्ट केला, तिन्ही वेळा उठली. काकांना सांगतो म्हणाला, ते आता मेहकरला असतात.