चाळणीचा इतिहास

लोणी काळभोरच्या राजबागेत एकेकाळी राज कपूर यांचा मुक्काम असे. तिथे आता अभियांत्रिकीची मुलं शेवटच्या वर्षी वेगळ्याच ऑडिशनची तयारी करतात. बायनरी ट्री उलटी कशी करायची, लिंक्ड लिस्टमध्ये फेरा आहे हे कसं ओळखायचं, ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ला काय सांगायचं. नोकरी लागल्यावर यातलं पहिलं आणि दुसरं बहुतेकांना कधीच करावं लागत नाही. मग विचारतात कशाला?

याची सुरुवात अमेरिकेत झाली. १९५०च्या दशकात संगणक विकले जाऊ लागले, पण प्रोग्रॅमिंगची पदवी कुणाकडेच नव्हती. निवडायचं कुणाला? आयबीएमने १९५५ साली एक कलचाचणी काढली: अंकमालिका, आकृत्यांची साम्यं, थोडं अंकगणित. पुढे ती लाखोंनी दिली. तिच्यातले गुण आणि पुढचं प्रत्यक्ष काम यांचा फारसा मेळ बसत नाही, हे लवकरच दिसूनही आलं. तरी चाचणी टिकली, कारण ती स्वस्त होती आणि दारातली गर्दी कमी करत होती. माझ्या मते या सगळ्या इतिहासाची किल्ली इथेच आहे.

गर्दी नव्हती तेव्हा पुण्यात काय होतं? १९७४ साली टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नयेत असंच छापलं होतं. बंगळुरूला संगणकशास्त्र शिकणाऱ्या सुधा कुलकर्णींनी, म्हणजे आजच्या सुधा मूर्तींनी, थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड धाडलं. त्यांना पुण्याला बोलावणं आलं, तांत्रिक प्रश्न विचारले गेले आणि नोकरी मिळाली. चाळणी जाहिरातीतच होती. ती ओलांडल्यावर समोर बसलेली माणसं कामाचंच बोलली. आयआयटी मुंबईतून १९७८ साली बाहेर पडलेले नंदन नीलेकणी पाटणी कंप्युटर्समध्ये गेले, तेव्हा त्यांची मुलाखत घेतली नारायण मूर्तींनी. १९८१ साली पुण्यात इन्फोसिसची नोंदणी झाली, त्यात हे दोघे भागीदार! प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर देणाऱ्याबरोबर रोज काम करायचं असलं, की प्रश्न आपोआप नेमके होतात.

महाराष्ट्रात १९८३पासून विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. नव्वदीत त्यांचं पीक आलं आणि त्याच सुमारास वायटूकेच्या कामामुळे कंपन्यांना हजारोंनी मुलं हवी झाली. एकेकाशी बोलणं शक्यच नव्हतं. म्हणून दहावी, बारावी, पदवी सगळीकडे साठ टक्के हवेत, ही अट आली. बारावीला अठ्ठावन्न मिळवलेला मुलगा कितीही चांगला कोड लिहो, तो दारातच थांबला. मग कोड्यांची लेखी परीक्षा, मग ग्रुप डिस्कशन, तेही इंग्रजीतून. मुलांनी शकुंतला देवींची कोड्यांची पुस्तकं पाठ केली, नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’ घोटलं. आदल्या बॅचचे प्रश्न झेरॉक्सच्या दुकानातून वसतिगृहांत फिरू लागले. कोडं पाठ झालं की ते बुद्धी मोजत नाही, तयारीला किती वेळ आणि पैसा होता ते मोजतं. गावाकडून एसटीने येणाऱ्या मुलाकडे दोन्ही कमीच.

अमेरिकेतही कोड्यांची धुंदी उतरली. गुगलच्या मनुष्यबळ विभागाचे प्रमुख लास्लो बॉक यांनी २०१३ साली जाहीरपणे सांगितलं, की अशा कोड्यांतून काही कळत नाही. त्यांची जागा अल्गोरिदमच्या प्रश्नांनी घेतली. हे प्रश्न कामाच्या थोडे जवळचे, हे मान्य करायला हवं. पण गेल लाकमन मॅकडॉवेल यांचं ‘क्रॅकिंग द कोडिंग इंटरव्ह्यू’ २००८पासून हाताशी होतं, नंतर लीटकोड आलं, आणि पाठांतराला नवा अभ्यासक्रम मिळाला. लोणीतली मुलं आज तोच गिरवतात.

एवढं करून हाती पडतं काय? मोठ्या सेवा-कंपन्यांत नवख्याचा पगार वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास. पंधरा वर्षांपूर्वीही तो तीन लाखांच्या पुढेच होता. दरम्यान खोलीभाडं, मेस, क्लास सगळं कितीतरी वाढलं. २०२४ साली पुण्यातल्या ‘नाइट्स’ या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेने केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे तक्रार केली: ऑफर लेटर मिळालेल्या सुमारे दोन हजार मुलांना इन्फोसिसने दोन वर्षं रुजूच करून घेतलेलं नाही. म्हणजे सगळ्या चाळण्या पार करूनही ही मुलं बाहेरच होती. लोणीहून सोलापूर रस्त्याने शहराकडे निघालं की हडपसरला मगरपट्टा लागतो. तिथल्या एका कंपनीबाहेर वॉक-इन मुलाखतीसाठी लागलेल्या रांगेचा व्हिडिओ जानेवारी २०२५मध्ये देशभर फिरला. त्या रांगेतल्या कुणालाही अजून एकही प्रश्न विचारला गेला नव्हता.