गार्सिया द ओर्ता आणि ‘मोडशी’

परदेशी जाऊन वैद्यकी करणाऱ्यास रोग आणि औषध यांच्याइतकाच शब्दांशीही सामना करावा लागतो. या दृष्टीने सोळाव्या शतकातील गोव्याचा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याचे उदाहरण अभ्यसनीय आहे.

ओर्ताचे शिक्षण सालामांका व अल्काला येथील विद्यापीठांत झाले. पुढे लिस्बनच्या विद्यापीठात त्याने अध्यापनही केले. त्याचे आईबाप स्पेनमधून हद्दपार होऊन पोर्तुगालमध्ये आलेले व तेथे सक्तीने ख्रिस्ती केले गेलेले ज्यू होते. मार्तिं आफोंसु द सौझा याचा वैद्य म्हणून 1534 मध्ये तो भारताकडे निघाला. दोनच वर्षांनी पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशनची स्थापना झाली. तो मायदेशी कधीच परतला नाही. गोव्यात त्याने वैद्यकी केली. अहमदनगरच्या (आजचे अहिल्यानगर) बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारीही त्याचा राबता होता, आणि तेथील हकिमांशी त्याच्या चर्चा होत.

1563 मध्ये गोव्यात छापलेला त्याचा औषधींवरील ग्रंथ संवादरूप आहे. रुआनो हा युरोपातून नुकताच आलेला, ग्रंथप्रामाण्य मानणारा वैद्य प्रश्न विचारतो. ओर्ता स्वानुभवाने उत्तरे देतो. स्पेनमध्ये असतो तर गॅलनविरुद्ध बोलण्याचे धाडस आपल्याला झाले नसते, अशा आशयाची कबुली त्यात आहे. परदेशवासाने त्याला दिलेले स्वातंत्र्य ते हेच.

या स्वातंत्र्याचे साधन होते नावांची चिकित्सा. ग्रीक व अरबी ग्रंथांतील नाव बाजारातील कोणत्या जिनसेचे, हे ठरल्यावाचून औषध देणे धोक्याचे होते. म्हणून तो प्रदेशवार नावे नोंदवितो. विड्याच्या पानाला मलबारात एक नाव, तर दख्खन व गुजरातेत ‘पान’. दख्खनी व गुजराती लोक सुपारीला ‘सुपारी’च म्हणतात, असे तो सांगतो. ही माहिती पुरविणाऱ्यांत मालुपा नावाचा एक हिंदू वैद्यही होता.

या पद्धतीचा उत्तम नमुना कॉलऱ्यासदृश रोगाच्या वर्णनात आढळतो. मंदावलेली नाडी, थंड घाम, तीव्र तहान, खोल गेलेले डोळे, पायांत येणारे गोळे ही लक्षणे तो प्रत्यक्ष पाहिल्याप्रमाणे देतो. लॅटिन व अरबी संज्ञांबरोबर तो स्थानिक नाव ‘मोर्शी’ असे नोंदवितो, आणि आपले लोक त्याचा अपभ्रंश ‘मोर्देशी’ असा करतात, हेही सांगतो. मूळ शब्द मराठी-कोकणीतील ‘मोडशी’ होय. त्याचा संबंध ‘मोडणे’ या धातूशी जोडला जातो. स्वरमध्यस्थ मूर्धन्य ‘ड’ पोर्तुगीज भाषेत नसल्याने तो एका रूपात ‘र’ने, तर दुसऱ्यात ‘र्द’ने दर्शविला गेला असावा. दोन्ही रूपे नोंदवून त्यांतील एकास अपभ्रंश म्हणणारा हा वैद्य स्थानिक उच्चाराला प्रमाण मानतो, ही गोष्ट लक्षणीय आहे. पुढे फ्रेंचांनी या शब्दाला ‘मोर-द-शियें’, म्हणजे ‘कुत्र्याचे मरण’, असे रूप दिले. अपरिचित शब्दाला परिचित अर्थ चिकटविणारी ही लोकव्युत्पत्ती होय.

ग्रंथाचे यश त्याच्या कर्त्याला लाभले नाही. 1567 मध्ये क्लूसियसने अँटवर्प येथे त्याचा लॅटिन संक्षेप प्रसिद्ध केल्यावर युरोपला त्याचा परिचय झाला. 1568 मध्ये ओर्ता निवर्तला. 1560 मध्ये गोव्यातही इन्क्विझिशन आले होते. गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून त्याची बहीण कातारिना हिला 1569 मध्ये जाळण्यात आले, आणि 1580 मध्ये ओर्ताच्या अस्थी उकरून त्याही जाळण्यात आल्या.

ज्या सत्तेच्या आश्रयाने तो परदेशी वैद्य झाला, तिने त्याला मृत्यूनंतरही परकाच ठरविले. उलट ज्या भाषांचा तो जन्माने नव्हता, त्यांचे शब्द त्याने जपून ठेवले. सोळाव्या शतकातील ‘मोडशी’च्या उच्चाराचा व अर्थाचा शोध घेणाऱ्या मराठीच्या अभ्यासकाला आज ओर्ताच्याच साक्षीकडे वळावे लागते.