मे महिन्यात चीजबोर्ड मांडायचा असेल तर कोणतं चीज निवडावं?

‘चीज खाण्याआधी तासभर फ्रिजबाहेर काढून ठेवा.’ चीजबोर्डबद्दल इंटरनेटवर काहीही शोधलं की हे वाक्य हमखास समोर येतं. सल्ला चुकीचा नाही. फक्त तो अशा घरांसाठी आहे, जिथे खोलीचं तापमान १८ ते २० अंशांच्या आसपास असतं. पुण्यात किंवा नागपुरात मे महिन्यात संध्याकाळी सात वाजताही पारा तिशीच्या वर असतो. तिथे हाच सल्ला पाळला तर पाहुणे येईपर्यंत महागडं ब्री ताटभर पसरलेलं असतं आणि चेडरला तेल सुटलेलं असतं.

चीजबोर्ड म्हणजे एका फळीवर किंवा ताटात मांडलेली तीन-चार प्रकारची चीज आणि त्यांच्या जोडीला फळं, सुकामेवा, पाव, चटणी किंवा मुरंबा. फ्रान्समध्ये हे ताट मुख्य जेवणानंतर आणि गोडाच्या आधी येतं, इंग्लंडमध्ये बऱ्याचदा अगदी शेवटी. आपल्याकडे मात्र ते पाहुणे आल्याआल्या, गप्पांसोबत ठेवलं जातं. म्हणजे ते दोन-दोन तास टेबलावर राहतं आणि उन्हाळ्यात खरी अडचण तिथेच होते.

उन्हाळ्यात चीजचं नेमकं काय होतं?

चीजची चव बरीचशी त्यातल्या स्निग्धांशात असते. फ्रिजच्या थंडीत तो घट्ट असतो, त्यामुळे थंडगार चीज बेचव लागतं. १८-२० अंशांना तो अर्धवट मऊ होतो आणि चव, वास दोन्ही खुलतात. तिशी ओलांडली की त्याचा बराचसा भाग वितळतो आणि शरीराच्या तापमानाला तर जवळपास सगळाच. मग चीजवर तेलाचे थेंब दिसू लागतात. असं घाम फुटलेलं चीज पुन्हा फ्रिजमध्ये ठेवलं तरी त्याचा मूळ पोत परत येत नाही.

दुसरा मुद्दा आरोग्याचा. नाशवंत पदार्थ दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नयेत आणि तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास, असा अमेरिकी कृषी विभागाचा सर्वसाधारण नियम आहे. जुन्या, कडक चीजमध्ये पाणी कमी असतं, त्यामुळे ते थोडा जास्त तग धरतं. ताजं, ओलसर चीज तग धरत नाही.

उपाय साधा आहे. सगळं चीज एकदम मांडू नये. अर्धं फ्रिजमध्येच ठेवून लहान ताट दोनदा भरावं. तासाऐवजी दहा-पंधरा मिनिटं आधी बाहेर काढलं तरी पुरतं. घरात संगमरवरी पोळपाट असेल तर लाकडी फळीपेक्षा तो केव्हाही बरा: आदल्या रात्री फ्रिजमध्ये ठेवला की तो बराच वेळ गार राहतो. आणि ताट पंख्याखाली ठेवू नये. वाऱ्याने चीज गार होत नाही, फक्त त्याचा वरचा थर सुकतो आणि कडा पिवळ्या पडतात. वरून मलमलचं ओलसर कापड झाकलं की माश्यांचाही प्रश्न सुटतो.

मग निवडायचं काय?

ब्री आणि कॅमेम्बेर यांना मे महिन्यात सुट्टी द्यावी. एसी खोलीत बसायचं असेल तर गोष्ट वेगळी. उन्हाळ्याला चांगलं मानवतं ते जुनं चेडर, गौडा (त्यावरचं मेणाचं आवरण काढून, ते खायचं नसतं) आणि फेटासारखं मिठाच्या पाण्यात मुरलेलं चीज. फेटा वितळून पसरत नाही, कलिंगडाबरोबर उत्तम लागतं आणि गारच खायचं असतं.

आणखी एक युक्ती म्हणजे चीज मुद्दाम गरमच द्यायचं. सायप्रसचं हलूमी तव्यावर भाजलं तरी वितळत नाही, कारण ते बनवतानाच गरम निवळीत शिजवलेलं असतं. आपलं पनीर लिंबू किंवा व्हिनेगरसारख्या आम्लाने फाटलेल्या दुधाचं असतं, म्हणून तेही आकार सोडत नाही. चीजबोर्डवर पनीर ठेवायला अनेकांना संकोच वाटतो. तो बाळगण्याचं काहीच कारण नाही, फक्त ते ताजं हवं.

पनीरहून नाजूक हवं असेल तर मुंबईत आणि सुरतेत पारशी घरांमधलं टोपली पनीर आहे. लहान टोपल्यांमध्ये जमवलेलं, खारट निवळीत बुडवून ठेवलेलं आणि जवळपास दह्याइतकं मऊ. ते निवळीसकट वाडग्यात ठेवून वाडगा बर्फावर ठेवावा. भारतीय चीजची यादी तेवढ्यावर संपत नाही. बंगालचं धुरकट बंडेल आणि दार्जिलिंगच्या डोंगरांतलं कालिम्पोंग चीज मिळालं तर जरूर घ्यावं. मुंबईच्या इलेफ्थेरियाच्या ब्रुनोस्ट या निवळी आटवून केलेल्या तपकिरी चीजला २०२१ मध्ये स्पेनमधल्या वर्ल्ड चीज अवॉर्ड्समध्ये रौप्यपदक मिळालं होतं. चवीला ते थेट आपल्या खव्याच्या आणि कॅरॅमलच्या मधलं लागतं.

आणि डब्यातले प्रोसेस्ड चीजचे क्यूब? नैसर्गिक चीज वितळवून त्यात स्निग्धांश आणि पाणी एकत्र धरून ठेवणारे क्षार मिसळले की प्रोसेस्ड चीज होतं. ही पद्धत १९११ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये शोधली गेली, तीही चीज उष्ण प्रदेशात टिकावं म्हणून. त्यामुळे उन्हाळ्यात ते टिकेल यात शंका नाही. मुलं असतील तर थोडे ठेवावेत, पण बोर्डचा भार त्यांच्यावर नको.

प्रमाण: जेवणाआधी खायचं असेल तर माणशी ४०-५० ग्रॅम आणि हेच जेवण असेल तर ८०-१०० ग्रॅम. तीन प्रकार पुरे. सात प्रकार फोटोत छान दिसतात, पण दुसऱ्या दिवशी फ्रिजमध्ये सात उरलेले तुकडे दिसतात.

जोडीला काय?

आयात केलेली अंजीर-चटणी शोधत फिरण्याची गरज नाही. उन्हाळ्यात मराठी घरात चीजबोर्डचं निम्मं सामान आधीच बरणीत असतं. जुन्या चेडरबरोबर मेथांबा लावून पाहावा: कैरीचा आंबटपणा, गुळाची गोडी आणि मेथीचा कडवटपणा, तिन्ही खारट चीजला पेलतात. गौड्याला साखरांबा. फेट्याला कलिंगड किंवा जांभळं. नवे काजू तर आहेतच. पिकलेला हापूस मात्र वेगळ्या वाटीत द्यावा, कारण फळीवर त्याचा रस सुटतो आणि शेजारचं सगळं ओलं होतं.

बिस्किटांऐवजी नाचणीचा खाकरा, बेकरीतली खारी किंवा भाजलेला ब्रून पाव. मसाला खाकरा नको, त्याने चीजची चवच कळत नाही. प्यायला कोकम सरबत चांगलं जमतं, त्याचा आंबटपणा जिभेवरचा तुपकटपणा धुऊन काढतो.

पाहुण्यांना आधी विचारावं असं काही

चीज म्हणजे दूध, म्हणजे शाकाहारी, असं गृहीत धरलं जातं. ते नेहमी खरं नसतं. दूध जमवायला लागणारं रेनेट पारंपरिक पद्धतीत वासराच्या जठरातून येतं. इटलीचं अस्सल पार्मिजानो-रेज्जानो नियमानुसार त्याच रेनेटने बनवावं लागतं. टोपली पनीरही पूर्वी कोंबडीच्या पोटातल्या अस्तराने जमवत. म्हणून वेष्टनावर हिरवी खूण आहे का आणि घटकांमध्ये ‘मायक्रोबियल रेनेट’ लिहिलंय का, ते पाहावं. घरगुती चीज असेल तर विक्रेत्याला थेट विचारावं. जैन पाहुणे असतील तर कांद्याचा जॅम आणि मध दोन्ही टाळलेले बरे.

पाहुण्यांमध्ये कुणी गर्भवती असेल तर पांढऱ्या बुरशीचं मऊ चीज (ब्री, कॅमेम्बेर) आणि मऊ निळं चीज त्यांच्या ताटात नको. लिस्टेरिया हा जिवाणू फ्रिजच्या थंडीतही वाढतो आणि पोटातल्या बाळाला त्याचा गंभीर धोका असतो. ब्रिटनची आरोग्यसेवा अशी चीज वाफाळेपर्यंत शिजवलेली असतील तरच खायला सांगते. चेडरसारखी कडक चीज चालतात.

उरलेलं कडक चीज बटर पेपरमध्ये गुंडाळून डब्यात ठेवावं. प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधलं तर ते ओलसर होतं आणि त्याला वास येऊ लागतो. ताजं, मऊ चीज उन्हाळ्याच्या गर्मीत तासाभराहून जास्त बाहेर राहिलं असेल तर ते फेकून द्यावं, मग ते कितीही महाग का असेना.