बदनाम नायकांची कादंबरी: ना. सं. इनामदार आणि सोलापूरचा मुलूख

ऐतिहासिक कादंबरी कशातून उगवते? मराठीपुरते बोलायचे तर अभिमानातून किंवा हळहळीतून. हरिभाऊ आपट्यांपासून शिवकालावर लिहिले गेलेले बरेचसे लेखन पहिल्या खात्यात जमा होते, रणजित देसाईंची ‘स्वामी’ (१९६२) दुसऱ्या. ना. सं. इनामदारांचे (१९२३–२००२) खाते निराळे. ‘झेप’चा नायक त्रिंबकजी डेंगळे, ‘मंत्रावेगळा’चा दुसरा बाजीराव, ‘शहेनशहा’चा औरंगजेब. यांतल्या एकाचीही तसबीर मराठी घरात लागत नाही. ज्याची बदनामी आधी झाली आणि चौकशी कधी झालीच नाही, अशा माणसाविषयीचे कुतूहल ही इनामदारांची प्रेरणा दिसते. योगायोग असा की या तिघांच्या आयुष्यातले मोक्याचे प्रसंग आजच्या सोलापूर जिल्ह्याच्या हद्दीत घडले. त्यामुळे पद्धत तपासायला हा मुलूख सोयीचा.

पहिला प्रसंग पंढरपूरचा, जुलै १८१५ मधला. बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन इंग्रजांच्या हमीवर पेशव्यांकडे हिशेबाच्या बोलण्यासाठी आले होते. त्या रात्री प्रकृती बरी नाही म्हणून त्यांनी देवळात जायचे नाकारले, त्रिंबकजीच्या आग्रहामुळे अखेर गेले, आणि परतताना वाटेत मारले गेले. एवढे नक्की. खून त्रिंबकजीने करवला, हा आरोप. रेसिडेंट एल्फिन्स्टनने तो लावून धरला आणि पेशव्याला त्रिंबकजी इंग्रजांच्या हवाली करावा लागला. ठाण्याच्या किल्ल्यातून तो १८१६ मध्ये निसटला, पुन्हा सापडला आणि चुनारच्या कैदेतच मेला. रीतसर खटला कधी उभा राहिला नाही. शिवाय आरोप मांडणारा एल्फिन्स्टन त्रयस्थ नव्हता. पेशव्याच्या दरबारातला हा माणूस हटावा, हे त्याच्या राजकारणाला हवेच होते.

कादंबरीकाराचे क्षेत्र इथे नेमके आखता येते. तारीख, स्थळ, कोण होते, कोण मेले, याला हात लावायचा नाही. शास्त्र्यांचा नकार आणि होकार यांच्यामधला वेळ मात्र कोणी टिपून ठेवलेला नाही. आग्रह करणाऱ्याला पुढचे ठाऊक होते की नव्हते, हा प्रश्न इतिहासकार ‘पुरावा अपुरा’ म्हणून सोडू शकतो. कादंबरीकाराला ती मुभा नाही. पात्राला बोलायला लावायचे तर त्याच्या मनात काय आहे हे लेखकाने ठरवलेलेच असावे लागते. ऐतिहासिक कादंबरीतली खरी जोखीम हीच. लढाया आणि पोशाख यांत चुकणे त्यामानाने किरकोळ.

औरंगजेबाच्या बाबतीत अडचण उलटी आहे. तिथे साधने भरपूर. भीमेकाठी माचणूरजवळ ब्रह्मपुरीला त्याची छावणी १६९५ ते १६९९ अशी चार वर्षे होती. तिथून तो मराठ्यांचे किल्ले घ्यायला निघाला. सातारा, परळी घेऊन परतताना १७०० च्या पावसाळ्यात त्याचा मुक्काम आजच्या सांगोला तालुक्यातल्या खवासपूरला पडला. एके रात्री माण नदीला पूर आला, छावणीत गोंधळ उडाला आणि धावपळीत ऐंशी ओलांडलेल्या बादशहाचा गुडघा निखळला. तो पाय पुन्हा सरळ झाला नाही. तैमूरलंगाचा वारसा चालून आला, असे खुशमस्कऱ्यांनी त्यावर म्हणून घेतले.

ही माण एरवी वाळूची नदी. सांगोला दुष्काळी तालुका. वरच्या अंगाला डोंगरात पाऊस झाला की कोरड्या पात्रातून अचानक लोंढा येतो, हे तिकडच्या माणसाला सांगावे लागत नाही. पण दिल्लीच्या तंबूवाल्यांना नदीपात्राजवळ राहुट्या का ठोकाव्याशा वाटल्या, हे कागदावरून कळत नाही. पात्रात उभे राहिले की कळते. म्हणून स्थळदर्शन हा कादंबरीकाराच्या अभ्यासाचा भाग, हौस नव्हे.

शरीराचे तपशीलही कल्पनेवर सोडायचे कारण नाही. इटालियन प्रवासी जेमेली करेरी १६९५ मध्ये गलगल्याच्या छावणीत बादशहाला भेटला. ठेंगणा बांधा, मोठे नाक, वयाने आलेला बाक, पांढरी दाढी आणि चष्म्यावाचून अर्जांवर शेरे लिहिणारा हात, हे सगळे त्याने नोंदले आहे. सेतुमाधवराव पगडींनी मोगल दरबाराची बातमीपत्रे मराठीत आणून फारसी न येणाऱ्या लेखकांवर मोठेच उपकार केले. कल्पनेला उरते ते इतकेच: खुशमस्करे तैमूरचे नाव घेत असताना त्या म्हाताऱ्याला काय वाटले? जित्याजागत्या माणसाचा अंदाज नसेल तर शंभर बातमीपत्रेही इथे कामाला येत नाहीत.

तिसरा प्रसंग आष्टीचा. २० फेब्रुवारी १८१८ रोजी तिथे पेशव्यांचे सेनापती बापू गोखले पडले, साताऱ्याचे छत्रपती इंग्रजांच्या हाती लागले आणि बाजीराव निसटला. त्याला ‘पळपुटा’ ठरवायला हा एक दिवस पुरला. ‘मंत्रावेगळा’ लिहिणाऱ्याला हे पळणे झाकता येत नाही. त्याची कारणे दाखवता येतात.

इथेच या पद्धतीचे दुखणे आहे. बदनाम माणसाविषयीचे कुतूहल बघता बघता त्याची वकिली होते. दोष परिस्थितीवर ढकलले जातात आणि विरोधी पात्रे उगाच कपटी होतात. पेशवाईतल्या नायकांसाठी मराठी वाचक अर्ध्या वाटेवर यायला तयारच असतो, त्यामुळे तिथे हा दोष पचून जातो. औरंगजेबासाठी तो एक पाऊलही पुढे येत नाही. त्यामुळे माझ्या मते इनामदारांच्या पद्धतीची खरी कसोटी ‘शहेनशहा’तच लागते. ती कादंबरी वाचायला घ्याल तेव्हा पगडींची बातमीपत्रे शेजारी ठेवा आणि नोंद कुठे संपते, लेखक कुठे सुरू होतो, ते स्वतःच ताडून पाहा.