देवनागरी नोंदी आणि डेटाबेसमधील आकारमर्यादा : कापूरहोळ या ग्रामनामाच्या संदर्भात

एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल डेटाबेसची संकल्पना मांडली. त्यावर आधारित प्रणालींत प्रत्येक रकान्याचा डेटा प्रकार व कमाल लांबी आधी ठरवावी लागते. रोमन लिपीत एक अक्षर म्हणजे एक बाइट असल्याने लांबी बाइटांत मोजण्याची प्रथा रूढ झाली. देवनागरीच्या बाबतीत ती अपुरी ठरली.

पुणे-सातारा रस्त्यावरील भोर तालुक्यातील कापूरहोळ हे गाव उदाहरणादाखल घेता येईल. रोमन लिपीत या नावाची ८ अक्षरे ८ बाइट व्यापतात. देवनागरीतही वर्ण व मात्रा मिळून ८ चिन्हेच होतात. १९९१ च्या ‘इस्की’ या भारतीय मानकानुसार ती ८ बाइटांत मावत. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत मात्र प्रत्येक देवनागरी चिन्हास ३ बाइट लागतात. म्हणजे एकूण २४. परिणामी ऑरॅकलमधील २० बाइटांच्या रकान्यात रोमन नाव बसते, मराठी नाव नाकारले जाते. ४००० बाइटांच्या कमाल मर्यादेतही १३३३ देवनागरी चिन्हेच मावतात. २००१ मधील ऑरॅकल ९आय आवृत्तीपासून रकान्याची लांबी चिन्हांत सांगण्याची सोय झाली. पुढे २०१३ मध्ये कमाल मर्यादा ३२७६७ बाइटांपर्यंत वाढविता येऊ लागली.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार अधिकार अभिलेखातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. कागदी सातबाऱ्यावर लांब नाव दोन ओळींत लिहिता येई. संगणकीय रकान्यास ती मुभा नाही. म्हणून रकान्याची लांबी ठरविणे ही केवळ तांत्रिक बाब न राहता खातेदाराच्या हक्काशी निगडित ठरते.