‘सृष्टिज्ञान’चा वाचक कोठून आला?

१९२८ साली पुण्यातून ‘सृष्टिज्ञान’ हे मासिक निघाले. केवळ विज्ञानाला वाहिलेले, आणि तेही मराठीत. त्याच्या संस्थापक-संपादकांपैकी गोपाळ रामचंद्र परांजपे हे मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये पदार्थविज्ञान शिकवीत, अर्थात इंग्रजीतून. वरच्या इयत्तांतील शास्त्रविषयही तेव्हा बहुधा इंग्रजीतच शिकवले जात. मग असल्या मासिकाची वर्गणी भरणारा माणूस होता तरी कोण? या धाग्यात त्याच्या बालपणाचा माग काढू.

त्यासाठी ४७ वर्षे मागे आणि पुण्याहून मुंबईस जावे लागते.

१८८१ साली विनायक कोंडदेव ओक यांनी मुलांसाठी ‘बालबोध’ सुरू केले. ओक मूळचे हेदवीचे, नोकरी शिक्षणखात्यात. अंक निघे जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यातून. अंकाची घडण ठरलेली असे: एक चरित्र, एक कविता, एक निबंध, एक शास्त्रीय विषयावरचा लेख आणि किरकोळ मजकूर. १९१४ साली ओक वारले, तोवर या क्रमात खंड पडला नाही. शास्त्रीय लेखांची गणती ४०२ भरते. महिन्याला एक, म्हणजे साडेतेहतीस वर्षे!

मराठीत शास्त्र याआधी आले नव्हते असे नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० मध्येच ‘दिग्दर्शन’ काढून त्यात पदार्थविज्ञान, रसायन, भूगोल हे विषय विद्यार्थ्यांपुढे ठेवले होते. पण ‘दिग्दर्शन’ उघडणारा विद्यार्थी ज्ञानासाठीच ते उघडे. ‘बालबोध’चा वाचक कवितेसाठी किंवा एखाद्या थोर पुरुषाच्या चरित्रासाठी अंक हाती घेई आणि पाने उलटता उलटता शास्त्राशी येऊन थबके. शास्त्राला वेगळी खोली न देता कवितेच्या शेजारी बसवणे, ही ओकांची मोठी कामगिरी मला वाटते.

त्याच काळात पुण्यात विज्ञान नव्हते का? उत्तम होते. कॉलेज ऑफ सायन्समध्ये महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा होती. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा महाराष्ट्रावरून गेला, तेव्हा तिचे प्रमुख कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे तळ देऊन वेध घेतले. त्यांचा अहवाल इंग्रजीत छापला गेला. जगभरच्या खगोलविदांसाठी तो लिहिला होता, तेव्हा ते योग्यच. पण जेऊरच्या ज्या पोराने भर दिवसा अंधार पाहिला, त्याला त्या अहवालाचा काय उपयोग?

त्याच्यासाठी लिहायचे तर आधी शब्द हवेत. रसायनशास्त्राच्या जुन्या मराठी लेखकांनी ते घडवले: हायड्रोजनला उज्ज, नायट्रोजनला नत्र, कार्बनला कर्ब, फॉस्फरसला स्फुरद, पोटॅशियमला पालाश. ‘उज्ज’ म्हणजे उदकापासून जन्मलेला. ग्रीकमधून आलेल्या ‘हायड्रोजन’चा अर्थही ‘पाणी जन्मवणारा’, म्हणजे नाते तेच, दिशा मात्र उलटी. यांतला उज्ज पुढे हरवला. नत्र, स्फुरद आणि पालाश मात्र आजही प्रत्येक शेतकऱ्याच्या तोंडी आहेत, आणि मातीच्या तपासणीत ‘सेंद्रिय कर्ब’ मोजला जातो. प्रयोगशाळेने टाकलेले शब्द शेताने सांभाळले.

पुढे १९०६ साली वासुदेव गोविंद आपटे यांनी ‘आनंद’ सुरू केले आणि मुलांच्या मासिकाचे एक ठाणे पुण्यात झाले. ‘आनंद’चा स्वभाव अधिक खेळकर, त्याची कथा स्वतंत्र धाग्याची.

आता वयांचा हिशेब मांडू. १८८१ साली ‘बालबोध’चा पहिला अंक वाचणारा दहा वर्षांचा मुलगा ‘सृष्टिज्ञान’ निघाले तेव्हा ५७ वर्षांचा होता. १९१० साली, हॅलेचा धूमकेतू आकाशात असताना, दहा वर्षांची असलेली मुलगी १९२८ मध्ये २८ वर्षांची होती. कदाचित स्वतःच एखाद्या शाळेत शिकवत असेल, कदाचित तिच्या घरी अक्षरे लावून वाचणारे मूल असेल. या दोघांच्या मधल्या साऱ्या वयांचे लोक पुण्याच्या पेठांत, कोकणात, वऱ्हाडात पसरलेले होते. शास्त्रावरचा मराठी लेख त्यांना नवा नव्हता. फक्त या वेळी त्याच्या शेजारी कविता नव्हती.