होम्सची टोपी कुणाची?

ऑफिसातला एक मित्र ऑनसाइटहून परतताना माझ्यासाठी लंडनहून एक की-चेन घेऊन आला. पुढेमागे टोक असलेली शिकारी टोपी, तिच्याखाली वाकडा पाइप आणि मागच्या बाजूला पत्ता : २२१ बी, बेकर स्ट्रीट. नाव कुठेच नव्हतं. त्याची गरजही नव्हती.

त्या रात्री सहज एक उद्योग केला. शेरलॉक होम्सच्या चारही कादंबऱ्या आणि छप्पन्न कथा एका टेक्स्ट फाइलमध्ये घेतल्या आणि ‘डीअरस्टॉकर’ हे त्या टोपीचं इंग्रजी नाव शोधलं. शून्य निकाल. मग त्या पोटफुगऱ्या पाइपचं नाव, ‘कॅलबॅश’. पुन्हा शून्य. ‘एलिमेंटरी, माय डिअर वॉटसन’ हे सलग वाक्य? तेही नाही. ज्या खुणांवरून आपण होम्सला ओळखतो, त्या आर्थर कॉनन डॉइलने लिहिलेल्याच नाहीत. मग त्या आल्या कुठून?

टोपी आली चित्रकाराकडून. १८९१ मध्ये ‘स्ट्रँड’ मासिकात होम्सच्या कथा सुरू झाल्या आणि चित्रं काढायचं काम सिडनी पॅजेटकडे गेलं. बॉस्कोम्ब व्हॅलीच्या कथेत होम्स खेड्याकडे तपासाला निघतो, तेव्हा त्याच्या डोक्यावर घट्ट बसणारी कापडी टोपी आहे, एवढंच डॉइल सांगतो. पॅजेटने त्या जागी डीअरस्टॉकर काढली. ही रानावनात घालायची टोपी. लंडनच्या रस्त्यावर ती घालून फिरणं म्हणजे लग्नाला रेनकोट घालून जाणं. पॅजेटला हे माहीत होतं, म्हणून त्याचा होम्स शहरात उंच रेशमी हॅट घालतो. पण लोकांच्या लक्षात राहिली ती शिकारी टोपीच.

पाइप आला नटाकडून. १८९३ मध्ये डॉइलने होम्सला धबधब्यात ढकलून संपवलं होतं. त्याला ऐतिहासिक कादंबऱ्या लिहायच्या होत्या आणि होम्स आडवा येत होता. पुढे अमेरिकी नट विल्यम जिलेटने होम्सवर नाटक लिहायला घेतलं आणि तार करून विचारलं, होम्सचं लग्न लावलं तर चालेल का? डॉइलने कळवलं, लग्न लाव, खून कर, वाटेल ते कर. १८९९ मध्ये नाटक न्यूयॉर्कला लागलं आणि जिलेटने त्याचे हजाराहून अधिक प्रयोग केले. कथांमधला होम्स मातीचा, ब्रायरचा, चेरीच्या लाकडाचा असे पाइप ओढतो. जिलेटने वाकडा पाइप घेतला. संवाद म्हणताना तो सोयीचा पडायचा, असं सांगतात.

खरी गंमत पुढे आहे. १९०३ मध्ये डॉइलने होम्सला परत जिवंत केलं, तेव्हा अमेरिकेतल्या ‘कॉलियर्स’ साप्ताहिकासाठी फ्रेडरिक डॉर स्टीलने जिलेटचाच चेहरा समोर ठेवून होम्स काढला. आमच्या भाषेत सांगायचं तर फोर्कमधला बदल मूळ कोडमध्ये मर्ज झाला.

पत्ता मात्र डॉइलचाच, पण त्याच्या काळी बेकर स्ट्रीटवरचे घरक्रमांक २२१ पर्यंत पोचतच नव्हते. १९३० च्या दशकात नव्याने क्रमांक पडले आणि २२१ एका बिल्डिंग सोसायटीच्या, म्हणजे गृहकर्ज देणाऱ्या संस्थेच्या, कचेरीच्या वाट्याला आला. लोक होम्सच्या नावे तिथे पत्रं पाठवू लागले आणि संस्थेला उत्तरं लिहायला माणूस नेमावा लागला. १९९० मध्ये त्याच रस्त्यावर संग्रहालय निघालं. त्याची इमारत २३७ आणि २४१ यांच्या मध्ये आहे, पण दारावर पाटी २२१ बी.

आता मालकीचं बघा. अमेरिकेत १९२३ पूर्वीच्या कथा कॉपीराइटमधून मोकळ्या झाल्या, तरी शेवटच्या दहा उरल्या होत्या. त्या दहांच्या जोरावर डॉइलच्या वारसांची कंपनी अख्ख्या होम्सवर हक्क सांगत राहिली. लेस्ली क्लिंगर या संपादकाच्या नव्या होम्सकथांच्या संग्रहासाठी तिने परवान्याचे पैसे मागितले. तो कोर्टात गेला आणि २०१४ मध्ये जिंकला. न्यायाधीश रिचर्ड पॉस्नर यांनी कंपनीची कानउघाडणी केली आणि क्लिंगरला वकिलाच्या खर्चाचे ३० हजार ६७९ डॉलर देववले.

तरीही २०२० मध्ये ‘एनोला होम्स’ चित्रपटावर दावा आलाच. मुद्दा असा, की पहिल्या महायुद्धाच्या सुमारास डॉइलचा मुलगा आणि भाऊ गेले, त्यानंतरच्या कथांमध्ये होम्स हळवा झाला. म्हणून भावना असलेला होम्स अजून आमचा. निकाल न लागताच तो दावा मिटला आणि १ जानेवारी २०२३ ला शेवटच्या कथाही मोकळ्या झाल्या.

लेखकाला कष्टाचे पैसे मिळावेत, यात वाद नाही. डॉइलला ते भरपूर मिळाले, जिलेटच्या नाटकातूनही मिळाले. पण वारसांनी जो होम्स राखायचा प्रयत्न केला, तो जगभर ओळखीचा झाला पॅजेट, जिलेट, स्टील आणि पत्रं टाकणाऱ्या त्या बिनचेहऱ्याच्या लोकांमुळे. जिलेटच्या तारेला या कंपनीने उत्तर दिलं असतं, तर भांडण्याजोगं काही उरलं असतं का, शंकाच आहे.

हे मला लागतं, त्याला कारण आहे. आठवीत भालबा केळकरांच्या अनुवादातून होम्स वाचून मी शाळेच्या हस्तलिखितासाठी एक कथा लिहिली होती. त्यात होम्स मिरज जंक्शनवर उतरतो आणि चोरीला गेलेला सतार शोधतो. बाईंनी ती परत दिली. म्हणाल्या, “दुसऱ्याचं पात्र आहे रे, आपलं काहीतरी लिही.” तेव्हा मला लाज वाटली होती. गेल्या दिवाळीत ती वही माळ्यावर सापडली. पहिल्याच ओळीत होम्सच्या डोक्यावर टोपी आहे, पुढेमागे टोक असलेली. मी तिला माकडटोपी म्हटलंय.